तळ्यातील देऊळ, तटातील दगड

सोलापूर हे मुद्दाम पाहावयास जाण्याचे गाव आहे, असे आपल्याकडे सहसा कोणी मानीत नाही. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट किंवा गाणगापूर येथे निघालेला कुटुंबवत्सल यात्रेकरू या गावी गाडीतून उतरतो, सामानाचे नग मोजतो, दोन चादरी खरेदी करतो आणि पुढची गाडी धरतो. गावाचे नाव काढताच डोळ्यांपुढे येतात त्या कापडाच्या गिरण्या, उन्हाळ्याची काहिली आणि ज्वारीची रास. यांपैकी जुन्या गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. ऊन आणि ज्वारी मात्र आपापल्या जागी आहेत. अशा या गावी आम्ही यंदा दोन दिवस मुद्दाम राहिलो, आणि त्याचे निमित्त सोलापुरापासून हजारो कोस दूर असलेल्या एका बेटाने पुरविले, हे ऐकून वाचकांस थोडे नवल वाटेल.

ते बेट म्हणजे भूमध्य समुद्रातील सायप्रस. रोमचे पश्चिमेकडील राज्य लयास गेल्यानंतरही पूर्वेस कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, ही राजधानी धरून जे रोमन साम्राज्य १४५३ पर्यंत टिकले, त्यास इतिहासकार बायझंटाइन साम्राज्य म्हणतात. सायप्रस हा त्याचाच एक प्रांत होता. ११९१ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड राजाने हे बेट जिंकले, त्यानंतर तेथे फ्रेंच वंशाचे राजे आले, १४८९ मध्ये व्हेनिसचे व्यापारी आले, १५७१ मध्ये तुर्क आले आणि १८७८ मध्ये इंग्रज आले. इतकी राज्ये डोक्यावरून गेली, तरी त्रोदोस पर्वताच्या कुशीत बायझंटाइन पद्धतीची चित्रमय देवळे अद्याप उभी आहेत. त्यांपैकी नऊ देवळे १९८५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेण्यात आली व २००१ मध्ये दहाव्याची भर पडली. या देवळांची चित्रे पाहत असता आमच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. ज्या राज्याने वास्तू बांधली ते राज्य गेले, पुढचेही गेले; मग वास्तू राहते ती कोणत्या उपायाने? आणि हाच प्रश्न आपल्या दारातल्या वास्तूंस विचारला तर काय उत्तर मिळेल?

सोलापूर त्या दृष्टीने फार बोलके आहे. कल्याणीचे चालुक्य, कलचुरी, देवगिरीचे यादव, बहामनी, आदिलशाही, निजामशाही, मोगल, मराठे आणि इंग्रज इतक्यांची सत्ता या मुलखाने पाहिली. बेटास समुद्र असतो म्हणून त्याच्यावर गलबते येतात. सोलापुरास चहूंकडून मोकळे माळरान आहे म्हणून त्याच्यावर घोडे आले, एवढाच काय तो फरक.

प्रथम आम्ही सिद्धेश्वराच्या दर्शनास गेलो. गावाच्या मध्यभागी विस्तीर्ण तलाव आहे आणि त्या पाण्यात हे देऊळ आहे. एका अर्थी सोलापुरासही आपले बेट आहेच. बाराव्या शतकात येथे सिद्धरामेश्वर होऊन गेले. त्या काळी या गावास सोन्नलिगे म्हणत. बसवेश्वरांच्या समकालीन शरणांत त्यांची गणना होते आणि त्यांची कन्नड वचने आजही आदराने म्हटली जातात. त्यांनी ध्यानधारणा शिकविली, तद्वतच कुदळही हाती घेतली. अवर्षणाच्या या प्रदेशात माणसांस व गुरांस पाणी मिळावे म्हणून त्यांनी हा तलाव खोदविला, आणि गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. देवाच्या पूजेइतकेच श्रमाचे मोल मानणाऱ्या पंथाचा हा पुरुष. त्याचे स्मारक पाण्याच्या रूपाने राहावे हे उचितच म्हटले पाहिजे.

परंतु जुन्या शिल्पाच्या शोधात येथे आलेल्या मनुष्याची थोडी निराशा होते. आज आपण ज्या देवळात घंटा वाजवितो ते बाराव्या शतकातले मूळ बांधकाम नव्हे. भक्तांनी पिढ्यानपिढ्या त्याची डागडुजी केली, मंडप वाढविले, नवे दगड बसविले, रंग दिले. ज्या घरात माणसे राहतात ते घर सदैव बदलत असते. देवाच्या घरासही हाच नियम लागू आहे. येथे दगड जुना राहिला नाही, तर वहिवाट जुनी राहिली. दर वर्षी मकर संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते. उंच काठ्यांचे सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, अडुसष्ट लिंगांस तैलाभिषेक होतो, आणि दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांचा कुंभारकन्येशी लग्नसोहळा प्रतीकरूपाने लागतो. संमतीचे शब्द कन्नडात उच्चारले जातात आणि अक्षता टाकणाऱ्या हातांत मराठी, कन्नड, तेलुगू असे सर्व भाषांचे हात असतात.

ही अडुसष्ट लिंगांची फेरी आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटली. अनेक ठिकाणच्या लिंगांभोवती आज घरे, दुकाने, रस्ते उभे राहिले आहेत. गावाची जुनी शीव कोठे होती हे कागदावरून सांगणे कठीण पडेल. पण नंदीध्वज धरणाऱ्यांच्या पायांस ती ठाऊक आहे. नकाशे हरवतात, दप्तरे जळतात. वर्षातून एकदा चालावयाची वाट मात्र बापाकडून मुलाकडे जाते. वास्तू टिकण्याचा पहिला मार्ग हा, उपासनेचा. त्यात रूप जाते आणि स्थान राहते.

तलावाच्या काठावरच भुईकोट किल्ला आहे. दुहेरी तट, भक्कम बुरूज, भोवती खंदक, आणि एका अंगास सिद्धरामेश्वरांचा तलाव. हा किल्ला बहामनी काळातला, चौदाव्या शतकातला मानतात. तहानलेल्यांसाठी खोदलेले पाणी असे शत्रूस अडविण्याच्या कामी आले. पुढे या किल्ल्याने फार मोठमोठ्यांच्या मनात लोभ उत्पन्न केला. आदिलशाही आणि निजामशाही यांच्या सोयरिकीत तो हुंड्यात देण्याघेण्याची वस्तू होऊन बसला. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपूर्वी अहमदनगरच्या चांदबिबीचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला, तेव्हा सोलापूर हुंड्यादाखल देण्यात आले. मुलीच्या लग्नात किल्ला द्यावा लागणाऱ्या बापाची कल्पना करून, हुंड्याची चाल आपल्याच घरांतून होती असे मानणाऱ्यांनी थोडा विचार करावा. १६६८ मध्ये किल्ला मोगलांकडे गेला, आणि १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने तो पेशव्यांच्या फौजेकडून घेतला. आज तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

या किल्ल्याच्या आत एक देऊळ आहे, किंबहुना देवळाचा सांगाडा आहे. कपिलसिद्ध मल्लिकार्जुन या नावाने ते ओळखले जाते आणि सिद्धरामेश्वरांशी त्याचा संबंध जोडतात. किल्ला झाला तेव्हा येथला देव गावातल्या बाळीवेशीतील मल्लिकार्जुनाच्या देवळात नेला, असे लोक सांगतात. देव गेला आणि घर मातीखाली गेले. उत्खनन झाले तेव्हा त्याचे खांब पुन्हा उजेडात आले. तटाजवळून हिंडताना मधूनच एखादा नक्षीदार दगड किंवा कोरीव अक्षरांचा तुकडा साध्या दगडांच्या रांगेत बसविलेला आढळतो. पंगतीत अनोळखी माणसांमध्ये आपला जुना शेजारी बसलेला दिसावा, तसा तो चटकन ओळखू येतो.

असे का झाले, याचे उत्तर रागात शोधण्यापूर्वी गवंड्याच्या कामात शोधावे. बायझंटाइन कारागीर विटा, दगड आणि चुना यांची भिंत एकजीव करीत असे. चौकोनी दालनावर गोल घुमट कसा बसवावा ही युक्ती त्याने परिपूर्णतेस नेली. आतून गिलावा, त्यावर रंगीत चित्रे किंवा काचेच्या व दगडांच्या बारीक तुकड्यांचे जडावकाम. अशा वास्तूचे दगड सुटे करू म्हटले तर होत नाहीत. म्हणून जेता ती वास्तू बहुधा मोडीत नसे, तिचे रूप पालटीत असे. कॉन्स्टँटिनोपल येथील हागिया सोफिया हे महामंदिर ५३७ मध्ये पुरे झाले, १४५३ मध्ये मशीद झाले, १९३५ मध्ये संग्रहालय झाले आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद झाले. मध्यंतरी जी चित्रे गिलाव्याखाली झाकली गेली होती, त्यांतील कित्येक त्या गिलाव्यामुळेच सुरक्षित राहिली.

आपल्याकडील चालुक्यकालीन पाथरवटाची रीत अगदी उलट. चुन्याचा आधार नाही, खरी कमान नाही. घडीव दगडावर घडीव दगड, खांबावर तुळई, तुळईवर छताची शिळा. सारे काही वजनावर आणि खाचेवर तोललेले. खांब तर कातारावर फिरविल्यासारखे गुळगुळीत व गोल वळ्यांचे. ही कला थोर खरी. पण तीत एक मर्मस्थान होते. देवळातला प्रत्येक दगड स्वतंत्र, पूर्ण घडविलेला आणि सहज उचकटता येणारा होता. ज्यास त्वरेने तट उभा करावयाचा आहे त्याच्या दृष्टीने जुने देऊळ म्हणजे तयार मालाची वखारच. आणि हा मोह केवळ परक्या राजांसच झाला असे नव्हे. महाराष्ट्रात कित्येक गावी नदीचा घाट, पाटलाचा वाडा, विहिरीचे तोंड, एवढेच काय, नवे देऊळसुद्धा जुन्या देवळाच्या दगडांवर उभे आहे. मंगळवेढ्याचा किल्ला पाहावा, तेथेही हीच कथा. वास्तू टिकण्याचा दुसरा मार्ग हा, उपयोगाचा. त्यात दगड राहतो आणि अर्थ जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विजापूर रस्त्याने दक्षिणेस निघालो. सोलापुरापासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना या नद्यांचा संगम आहे. पलीकडच्या तीरावर कर्नाटक. या संगमावर हत्तरसंग-कुडल हे स्थान आहे. कन्नडात कूडल म्हणजेच संगम. गावाच्या नावातच दोन भाषा एकमेकींस भेटल्या आहेत. येथे संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन प्राचीन देवळे आहेत.

हरिहरेश्वराचे देऊळ दीर्घकाळ मातीच्या ढिगाखाली होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत सोलापूरच्या प्राध्यापक गजानन भिडे यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ते मोकळे करण्याच्या कामी पुढाकार घेतला. त्या मातीतून जे निघाले त्यात एक विलक्षण शिवलिंग होते. त्याच्या अंगावर ओळीने लहान लहान मुखे कोरलेली आहेत. ती एकूण ३५९ मोजण्यात आली आहेत. देवघरातल्या हाताच्या बोटाएवढ्या बाणलिंगास अभिषेक करण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांस त्याच्यापुढे उभे राहिल्यावर काही वेळ शब्द सुचत नाही.

या देवळाचा स्वर्गमंडप आम्हांस सायप्रसची पुन्हा आठवण करून देता झाला. स्वर्गमंडप म्हणजे ज्याचे छत मधोमध उघडे ठेवलेले असते तो मंडप. कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप पुष्कळांनी पाहिला असेल. बायझंटाइन कारागीर घुमटाच्या पोटात स्वर्ग रंगवीत असे. मधोमध आशीर्वाद देणारा ख्रिस्त, भोवती देवदूत. आपल्या कारागिराने स्वर्ग रंगविला नाही. त्याने छतात वर्तुळ मोकळे सोडले आणि खरे आकाशच आत घेतले. एकास बर्फ आणि पाऊस यांपासून चित्र जपावयाचे होते. त्रोदोस पर्वतातील देवळांवर तर या कारणासाठी घुमटाच्या वर आणखी एक उतरते लाकडी छप्पर घातलेले असते, त्यामुळे बाहेरून ती देवळे साध्या गोठ्यासारखी दिसतात. दुसऱ्यास जपण्यासारखे रंगच नव्हते. त्याचे सगळे लेणे दगडात कोरलेले. हवामान निराळे, साधने निराळी; परंतु मस्तक वर उचलताच मनुष्यास आपल्याहून मोठे काही दिसावे, हा हेतू दोघांचा एकच.

येथे एका शब्दाविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की आपण त्यास बेधडक हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री पंडित, हे देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचे मंत्री. त्यांचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. कुडलच्या देवळात त्यांच्या अडीचशे वर्षे आधीचा लेख आहे. एका विद्वान मंत्र्याच्या नावाखाली आपण अनेक राजवंशांचे आणि असंख्य अनाम पाथरवटांचे श्रेय जमा केले. हेमाद्रींनी स्वतः धर्मशास्त्रावर जे अफाट लेखन केले, त्यातच त्यांची कीर्ती पुरेशी आहे; दुसऱ्यांच्या देवळांची त्यांस गरज नाही.

आता त्या लेखाकडे वळू. संगमेश्वराच्या देवळातील एका तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, लहानसा शिलालेख आहे. त्यात काळाचा आणि एका व्यवहाराचा त्रोटक उल्लेख आहे, आणि अखेरीस स्पष्ट मराठी वाक्य आहे. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांच्या परिश्रमांमुळे तो अभ्यासकांपुढे आला. कालाचा स्पष्ट उल्लेख असलेल्या मराठी लेखांत तो अत्यंत जुना गणला जातो. शाळेत आपण श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या मराठी ओळीविषयी शिकलो. तिच्या काळाबद्दल पंडितांत मतभेद आहेत. कुडलच्या लेखाने मात्र आपले वर्ष स्वतःच सांगितले आहे. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की आपल्या भाषेच्या या दोन्ही जुन्या खुणा कन्नडाच्या अंगणात, कन्नड राजांच्या छायेत सापडतात. त्या वेळी येथे कल्याणीच्या चालुक्यांपैकी दुसरा जयसिंह राज्य करीत होता; आणि त्याच १०१८ मध्ये तिकडे बायझंटाइन सम्राट दुसरा बेसिल याने बल्गेरिया जिंकून आपले साम्राज्य वैभवाच्या शिखरावर नेले. त्या सम्राटाच्या वंशाचे आज नावही उरले नाही. सीनेच्या काठी कोणा लेखकाने कोरलेले मराठी वाक्य मात्र आपल्याला अर्थासह वाचता येते.

या लेखात संवत्सराचे नाव कालयुक्त असे दिले आहे. गुढीपाडव्यास पंचांग उघडून संवत्सरफल वाचण्याची चाल ज्या घरांत आहे, त्यांस हे नाव अपरिचित नाही. साठ संवत्सरांचे चक्र तेव्हापासून अखंड फिरते आहे. शके १९६०, म्हणजे इसवी सन २०३८ च्या पाडव्यास, सतरा फेऱ्या पुऱ्या करून कालयुक्त पुन्हा येईल. हजार वर्षांचा हा धागा कोणा राजाने राखला नाही. घरोघरच्या पंचांगाने राखला.

कुडल टिकले ते विस्मृतीमुळे. नदीकाठी, हमरस्त्यापासून दूर, मातीने झाकलेले. म्हणून तेथील दगडांस हात लावण्याचे कोणास फारसे कारण पडले नाही. हा वास्तू टिकण्याचा तिसरा मार्ग. परंतु तो आता बंद होत आहे. रस्ते झाले, गाड्या आल्या, कौतुकाने पाहणारे आले आणि त्यांच्यामागून दुसरेही येऊ शकतात. सायप्रसचेच उदाहरण घ्या. १९७४ मध्ये त्या बेटाची फाळणी झाल्यावर लिथ्रांगोमी गावाच्या कानाकारिया देवळातील सहाव्या शतकातील जडावचित्रे भिंतीतून कापून काढण्यात आली व परदेशी विकली गेली. १९८९ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील न्यायालयाने ती मूळ धर्मपीठास परत देण्याचा निर्णय दिला. चित्रे परत आली. पण ज्या भिंतीवर ती चौदाशे वर्षे होती, ती भिंत रिकामीच राहिली.

आपल्याकडे चोराची भीती आहेच. पण त्याहून अधिक भीती आमच्या मते भाविकांच्या उत्साहाची आहे. गावोगावच्या जुन्या देवळांत आम्ही पाहतो, की जीर्णोद्धार म्हणजे खांबांस तैलरंग, फरशीवर चकचकीत टाइल, गळक्या छतावर सिमेंटचा थर आणि दाराशी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. तैलरंगाखाली अक्षरे बुजतात. सिमेंट दगडाचा श्वास कोंडते आणि ओल आत धरून ठेवते. वीरगळास शेंदूर फासला म्हणजे त्याचा देव होतो खरा, पण कोणत्या वीराने कोणत्या गाईगुरांसाठी प्राण दिला हे कायमचे झाकले जाते. तटात दगड बसविणाऱ्याने निदान दगडाचे तोंड शाबूत ठेवले होते. जी नासधूस राज्यक्रांतीस साधली नाही ती चार डब्यांच्या रंगाने साधते, आणि ती श्रद्धेने होते म्हणून तीस कोणी अडवीत नाही.

यावर उपाय मोठा खर्चाचा नाही. ज्या घरांतून देवळांस देणग्या जातात, त्या घरांनी देणगी देताना एवढेच विचारावे, की या पैशातून कोणता दगड झाकला जाणार आहे? गावच्या पंचांपुढे हा प्रश्न एकदा जरी उच्चारला गेला, तरी हातातला कुंचला क्षणभर थांबतो, असा भरवसा धरण्यास हरकत नाही. पुढच्या खेपेस पंढरपूरची वारी किंवा अक्कलकोटची यात्रा योजाल तेव्हा एक दिवस सोलापुरासाठी अधिक काढा. सकाळी सिद्धेश्वराचे दर्शन घ्या, उन्हे चढण्यापूर्वी किल्ल्यातील खांब पाहा, आणि दुपार टळताच कुडलची वाट धरा. जाताना कन्नड समजणारा एक स्नेही आणि नुकतीच अक्षरओळख झालेले एक मूल बरोबर असावे. त्या तुळईवरील शेवटच्या वाक्याचा अर्थ असा लावतात, की हे जो वाचील तो विजयी होईल. लिहविणाऱ्याने आशीर्वाद बांधणाऱ्यास दिला नाही, दान करणाऱ्यासही नाही. तो वाचणाऱ्यास दिला. मुलाचे बोट धरून त्याच्याकडून ती अक्षरे एकेक करून लावून घ्यावी. एक हजार वर्षांपूर्वीचा तो आशीर्वाद अद्याप कोणीही घेण्यासारखा आहे.